ठिगळ आणि मोहोर

१९४४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क-वन’ नावाचे एक अवाढव्य गणनयंत्र कामाला लागले. त्याने करावयाच्या आकडेमोडीचा क्रम कागदाच्या रुंद पट्टीवर भोके पाडून त्याला सांगावा लागे. भोक असले की एक अर्थ, नसले की दुसरा. मनुष्य म्हटला म्हणजे चूक आलीच. एखादे भोक भलत्याच जागी पडे. सबंध पट्टी नव्याने करणे मोठे जिकिरीचे, म्हणून चुकलेल्या भोकावर कागदाचा बारीकसा तुकडा डकवून ते बुजवीत आणि योग्य जागी दुसरे भोक पाडीत. असे तुकडे डकवलेली मार्क-वनची पट्टी स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेली आहे. इंग्रजीत अशा तुकड्याला ‘पॅच’ म्हणतात. मराठी घरातल्या एखाद्या आजीबाईला ती पट्टी दाखवली, तर ती क्षणाचाही विचार न करता त्याला ठिगळ म्हणेल.

कागदी पट्ट्यांचा काळ गेला, आज्ञावल्या चुंबकीय फितींवर आणि चकत्यांवर आल्या; परंतु शब्द टिकून राहिला. आज्ञावली लोकांच्या हाती गेल्यावर तिच्यात दोष आढळला, तर तेवढ्यापुरती दुरुस्ती करणारा जो लहानसा तुकडा निर्माता पाठवतो, त्याला अजूनही पॅचच म्हणतात. हे झाले घरच्या धन्याने लावलेले ठिगळ. याहून निराळे असे एक ठिगळ आहे. ते धन्याने लावलेले नसते. किंबहुना ते लागू नये अशीच त्याची व्यवस्था असते. निर्मात्याने जे संगणक ‘आता जुने झाले’ म्हणून बाजूला काढले, त्यांच्यावर नवी कार्यप्रणाली चालावी यासाठी तिऱ्हाइतांनी, बहुधा एका पैचाही मोबदला न घेता, लावलेली ही ठिगळे होत. त्यांचा इतिहास जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे. अॅपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकांच्या बाबतीत तो सर्वांत ठळकपणे दिसतो. कारण तेथे यंत्र आणि कार्यप्रणाली ही दोन्ही एकाच घरची, आणि म्हणून यंत्राला निवृत्त करण्याचा अधिकारही एकाच हाती.

कार्यप्रणाली, म्हणजे जिला सर्रास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, ही संगणकाच्या संस्थानातील कारभारी होय. पडदा, कळफलक, चकती, बिनतारी संपर्काचा भाग अशी अनेक खाती त्या संस्थानात असतात, आणि प्रत्येक खात्याची बोली वेगळी. ती बोली कारभाऱ्याला समजावी म्हणून प्रत्येक खात्याला एकेक दुभाषा नेमलेला असतो. संगणकाच्या परिभाषेत त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा कारभारी आला की तो आपले दुभाषे बरोबर घेऊन येतो. त्यांत जुन्या खात्याचा दुभाषा नसला, तर ते खाते जागच्या जागी धडधाकट असूनही मुके होऊन बसते. जुने यंत्र नव्या प्रणालीवर चालत नाही, याचे एक कारण हे. दुसरे कारण याहून साधे आहे. नवी प्रणाली स्थापित होण्यापूर्वी यंत्राचे नाव विचारते आणि ते आपल्या यादीत शोधते. नाव नसले तर ती पुढे पाऊल टाकीत नाही. मग यंत्राच्या अंगी बळ असो वा नसो. पहिली अडचण सामर्थ्याची, दुसरी परवान्याची. या इतिहासातला बहुतेक सारा वाद या दोहोंतील फरकाचा आहे.

यादीतून नावे गाळणाऱ्या कंपनीला निव्वळ दुष्टबुद्धीने वागणारी म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. यादीत ठेवलेल्या प्रत्येक यंत्रावर प्रत्येक नवी सुधारणा तपासून पाहावी लागते, प्रत्येक जुना दुभाषा पदरी बाळगावा लागतो, आणि त्याचा खर्च असतो. पण यंत्र अधिक लवकर जुने ठरले तर नवे अधिक लवकर खपते, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही कारणे एकाच निर्णयात मिसळलेली असल्यामुळे कोणत्या वेळी कोणते प्रबळ होते, हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. ते शोधून काढण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गाळलेल्या यंत्रावर नवी प्रणाली चालवून पाहणे.

तसा पहिला मोठा प्रयत्न २००१ साली सुरू झाला. त्या वर्षीच्या २४ मार्चला अॅपलने ‘मॅक ओएस टेन’ ही पूर्णपणे नव्या पायावर उभारलेली प्रणाली विक्रीस आणली. तिच्या यादीचा आरंभ ‘पॉवर मॅक जी-थ्री’ या यंत्रापासून होत होता. त्याच्या आधीची ७५००, ८५००, ९५००, ९६०० अशा क्रमांकांची यंत्रे वगळली गेली. ही यंत्रे काही लेचीपेची नव्हती. आपल्या काळी ती भारी किंमत देऊन घेतलेली होती, त्यांत स्मृती आणि नवे प्रोसेसर वाढवून घालता येत, आणि पुष्कळांनी ते घातलेही होते. अशा यंत्रांसाठी ‘एक्सपोस्टफॅक्टो’ नावाची आज्ञावली निघाली. जुन्या मॅकिंटॉशसाठी सुटे भाग विकणाऱ्या ‘अदर वर्ल्ड कॉम्प्युटिंग’ या व्यापारी संस्थेने तिला आश्रय दिला. नवी प्रणाली उठण्यापूर्वी ही आज्ञावली मध्ये उभी राही, यंत्राच्या मूळ फर्मवेअरला समजेल अशा रीतीने नव्या प्रणालीचा आरंभ करून देई, आणि गहाळ दुभाष्यांच्या जागी आपले दुभाषे बसवी. अॅपलने आपल्या प्रणालीचा ‘डार्विन’ नावाचा पाया मुक्तस्रोत म्हणून खुला ठेवला होता, याचा अशा कामाला फार उपयोग झाला. घराचे दार बंद असले तरी पायाचा नकाशा चव्हाट्यावर टांगलेला होता.

२००७ सालची गोष्ट याहून मौजेची आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या ‘लेपर्ड’ या आवृत्तीने ‘जी-फोर’ जातीच्या प्रोसेसरला वेगाची अट घातली: ८६७ मेगाहर्ट्‌झ किंवा त्याहून अधिक. ज्याच्या यंत्राचा वेग ८०० होता, त्याला प्रणाली दारातूनच परत पाठवी. ८६७ ला जे साधते ते ८०० ला का साधू नये, याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते. कोठेतरी रेघ ओढायची म्हणून ती तेथे ओढलेली होती. ‘लेपर्ड असिस्ट’ नावाची एक चिमुकली आज्ञावली निघाली. तिने दुभाषे बदलले नाहीत, प्रणालीच्या एका अक्षरालाही हात लावला नाही. यंत्राच्या फर्मवेअरला तिने एवढेच पढवले की, कोणी वेग विचारला तर ८६७ सांगावा. तपासणाऱ्याने विचारले, यंत्राने ८६७ सांगितले, आणि दार उघडले. ते उत्तर तेवढ्या प्रसंगापुरतेच असे; पुढे यंत्र नेहमीप्रमाणे सुरू झाले की आपला खरा वेग सांगू लागे. ठिगळांच्या सबंध इतिहासात इतके आखूड आणि इतके परिणामकारक असत्य दुसरे नसावे.

दरम्यान अॅपलने पॉवरपीसी जातीचे प्रोसेसर टाकून इंटेलचे प्रोसेसर स्वीकारले होते. हा बदल २००५ साली जाहीर झाला आणि २००६ साली अमलात आला. २००९ च्या ‘स्नो लेपर्ड’ आवृत्तीत पॉवरपीसीला स्थानच नव्हते, आणि येथे एक्सपोस्टफॅक्टोसारख्या उपायांचा मार्ग खुंटला. कारण नव्या प्रणालीतील आज्ञा त्या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेल्याच नव्हत्या. पुढे इंटेलची यंत्रेही जुनी होऊ लागली. २०१२ च्या ‘माउंटन लायन’ने २००६ आणि २००७ सालच्या मॅक प्रो यंत्रांना वगळले. त्या यंत्रांतील प्रोसेसर ६४ बिटांचे होते, म्हणजे नव्या प्रणालीला हवे तसेच. परंतु यंत्र जागे करणारे फर्मवेअर मात्र ३२ बिटांचे. वाडा ऐसपैस आणि दिंडी दरवाजा अरुंद, असा तो प्रकार होता. हौशी जाणकारांनी प्रणालीचा आरंभ करणारी एकच फाइल अशी नव्याने लिहिली की, अरुंद दारातून आत शिरून तिने आतल्या प्रशस्त चौकात ६४ बिटांचा गाभा उभा करावा. त्या एका फाइलीच्या बळावर ही यंत्रे पुढे २०१५ च्या ‘एल कॅपिटन’पर्यंत चालत राहिली.

२०१६ पासून चार वर्षे या क्षेत्रात ‘डॉसड्यूड-वन’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या एका तरुणाच्या आज्ञावल्यांचा बोलबाला होता. सिएरा, हाय सिएरा, मोहावी, कॅटलिना अशा लागोपाठच्या चार आवृत्त्यांसाठी त्याने पॅचर केले. यांत सर्वांत अवघड प्रसंग २०१८ च्या मोहावीचा. त्या आवृत्तीने पडद्यावरील चित्रे रेखाटण्यासाठी ‘मेटल’ नावाची नवी पद्धत सक्तीची केली, आणि २०११ पर्यंतच्या बहुतेक यंत्रांतील चित्र-चकमकी, म्हणजे ग्राफिक्सचे भाग, मेटल जाणत नव्हते. यावर उपाय असा शोधला गेला की, अॅपलने स्वतःच पूर्वी वापरलेले आणि आता निवृत्त केलेले दुभाषे जुन्या आवृत्तीतून उचलून नव्या आवृत्तीत आणून बसवायचे. ठिगळाचे कापडसुद्धा त्याच घरच्या जुन्या अंगरख्याचे! उपाय चालला, परंतु त्याचा एक मोठा दोष होता. ठिगळ प्रणालीच्या अंगावरच शिवलेले असल्याने अॅपलकडून नवी सुधारणा आली की ती आपल्या फाइली वर पसरी आणि ठिगळ उसवे. मग पुन्हा सुई-दोरा.

तेवढ्यात अंगरख्यालाच कुलूप बसू लागले. २०१९ च्या कॅटलिनामध्ये प्रणालीच्या फाइली एका स्वतंत्र, केवळ वाचता येईल अशा भागात ठेवल्या गेल्या. १२ नोव्हेंबर २०२० रोजी आलेल्या ‘बिग सर’ने त्यापुढचे पाऊल टाकले: त्या भागावर मोहोर उमटवली. ही मोहोर लाखेची नसून गणिताची आहे. प्रत्येक फाइलीतील मजकुरावरून एका ठराविक रीतीने एक लांबलचक अंक काढतात. फाइलीतले एक अक्षर बदलले तरी तो अंक पार बदलून जातो. अशा सर्व अंकांवरून पुन्हा वरचे अंक, त्यांवरून त्याहून वरचे, असे चढत जाऊन शेवटी सबंध प्रणालीचा मिळून एकच अंक उरतो, आणि त्यावर अॅपलची सही असते. यंत्र सुरू होताना हा अंक ताडून पाहिला जातो. जुळला नाही तर यंत्र पुढे जात नाही. एखाद्या घातकी आज्ञावलीने प्रणालीच्या गाभ्यात शिरून तेथे मुक्काम ठोकू नये, हा या योजनेचा हेतू, आणि तो स्तुत्य आहे. परंतु मोहोर चोराला आणि शिंप्याला सारखेच अडवते.

‘ओपनकोर लेगसी पॅचर’ ही आज्ञावली या परिस्थितीतून जन्मास आली. बिग सरच्या पाठोपाठच ‘डॉर्टानिया’ नावाच्या एका हौशी मंडळाने ती हाती घेतली. तिचा पाया असलेले ‘ओपनकोर’ हे साधन २०१९ साली निराळ्याच कामासाठी तयार झाले होते. अॅपलची प्रणाली अॅपलने न बनवलेल्या, इतर कंपन्यांच्या संगणकांवर चालवण्याचा छंद असलेल्या लोकांचे ते हत्यार. म्हणजे परक्याच्या यंत्राला घरचे म्हणून खपवण्यासाठी जी युक्ती रचली, तीच आता घरच्याच, पण घराबाहेर काढलेल्या यंत्रांच्या उपयोगी पडली. दैवगती म्हणतात ती अशी.

ओपनकोरची रीत पूर्वीच्या सर्व रीतींहून वेगळी होती. यंत्राचे फर्मवेअर जागे होणे आणि प्रणालीचा गाभा उठणे या दोन घटनांमध्ये काही क्षणांचे अंतर असते. ओपनकोर त्या अंतरात उभे राहते. चकतीवरील मोहोरबंद प्रणालीला ते हात लावत नाही. प्रणाली स्मृतीत वाचली जात असताना तेवढ्या वेळेपुरते आवश्यक ते फेरफार करते आणि गहाळ दुभाषे तिच्या हाती देते. यंत्र बंद केले की सारे नाहीसे. चकतीवरील मूळ प्रत जशीच्या तशी राहते, मोहोरही शाबूत, आणि अॅपलकडून येणाऱ्या सुधारणा थेट घेता येतात. पुढे एक चमत्कारिक सोय हाती लागली. बिग सरच्या ११.३ या उपआवृत्तीपासून अॅपलने आपल्या प्रणालीत अशी वाट ठेवली होती की, ती एखाद्या आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत सोंग म्हणून उभ्या केलेल्या संगणकात चालत असेल, तर तिने यंत्राच्या नावाची फार चौकशी करू नये. पॅचरवाल्यांनी ती वाट हेरली आणि खऱ्याखुऱ्या, टेबलावर ठेवलेल्या, पंखा फिरत असलेल्या यंत्राकडून ‘मी खरा नाही, आभासी आहे’ असे वदवले. त्या एका कबुलीवर सुधारणा येऊ लागल्या. २००७ साली यंत्र आपला वेग वाढवून सांगत होते. आता ते आपले अस्तित्वच नाकारू लागले.

बिग सरने वगळलेल्या २०१२ च्या पुष्कळ यंत्रांना याहून फारसे काही करावे लागले नाही. त्यांच्या अंगच्या इंटेल ग्राफिक्सचे दुभाषे नव्या प्रणालीत तसेच पडून होते. केवळ यादीत नाव नव्हते. परवान्याची अडचण आणि सामर्थ्याची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. परंतु पुढल्याच वर्षी, २०२१ च्या ‘माँटेरे’त, ते दुभाषेही काढून टाकण्यात आले. ग्राफिक्सचा दुभाषा हा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर प्रणालीच्या आतील कितीतरी फाइली याव्या लागतात, आणि त्या चकतीवरच ठेवाव्या लागतात. म्हणजे अखेर मोहोर तोडणे आलेच. म्हणून या पॅचरचे दोन भाग झाले: एक क्षणजीवी, आरंभकाळी स्मृतीत घडणारा, दुसरा ‘रूट पॅच’ नावाचा, मोहोर तोडून प्रणालीच्या अंगावर शिवला जाणारा.

पॅचर अद्ययावत ठेवण्याचे जे काम वापरणाऱ्याच्या वाट्याला येते, ते या दुहेरी रचनेतून उद्भवते, आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे. अॅपलची नवी सुधारणा घेताना प्रणालीची एक नवी, ताजी मोहोर असलेली प्रत चकतीवर उतरते. अंगावर शिवलेली ठिगळे तिच्यात अर्थातच नसतात. म्हणून आधी पॅचरचीच नवी आवृत्ती घ्यायची. मग तिच्यातून ओपनकोर नव्याने घडवून चकतीच्या आरंभकोशात बसवायचे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे. त्यानंतर प्रणालीची सुधारणा घ्यायची. आणि ती झाल्यावर रूट पॅच पुन्हा शिवायचे. हा क्रम चुकला तर पडद्यावरील खिडक्या गोगलगाईच्या चालीने सरकू लागतात, बिनतारी संपर्क तुटतो, किंवा यंत्र अर्ध्यावर अडून बसते. ज्याने केवळ सूचना आली म्हणून मध्यरात्री सुधारणेचे बटण दाबले, त्याला सकाळी पश्चात्ताप होतो. हे काम एकदा करून संपत नाही. छपराची शाकारणी जशी दर पावसाळ्यापूर्वी, तशी ही शिवण दर सुधारणेनंतर.

२४ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेल्या ‘व्हेंचुरा’ने या मंडळींची खरी परीक्षा पाहिली. या आवृत्तीच्या गाभ्यातील आज्ञा ‘एव्हीएक्स-टू’ नावाच्या आज्ञासमूहाचा उपयोग करीत, आणि इंटेलने तो आज्ञासमूह आपल्या प्रोसेसरांत आणला २०१३ साली. त्यापूर्वीच्या रचनेच्या प्रोसेसरला त्या आज्ञा कळतच नाहीत. त्यांत २०१३ चा मॅक प्रोही होता. हे महागडे, व्यावसायिकांसाठी बनवलेले यंत्र २०१९ च्या डिसेंबरपर्यंत अॅपल नवे म्हणून विकत होती. तेव्हा ज्याने ते अखेरीस घेतले, त्याचे नाव तीन वर्षे भरण्याआधीच यादीतून गेले. या वेळी अडचण परवान्याची नव्हती, सामर्थ्याची होती. ठिगळ लावणाऱ्याने न कळणारी आज्ञा प्रोसेसरला कशी कळवावी?

उत्तर सापडले ते अॅपलच्या अगदी नव्या यंत्रांच्या पोटात. २०२० पासून अॅपलने इंटेलचाही त्याग करून स्वतःच्या प्रोसेसरांची यंत्रे आणली होती. त्यांवर इंटेलसाठी लिहिलेल्या जुन्या आज्ञावल्या चालाव्यात म्हणून ‘रोझेटा’ नावाचा अनुवादक दिलेला होता. या अनुवादकाला त्या वेळी एव्हीएक्स-टूचा अनुवाद करता येत नसे. म्हणून त्याच्यासाठी अॅपलने प्रणालीच्या सामायिक ग्रंथालयाची, एव्हीएक्स-टू न वापरणारी, अशी एक वेगळी प्रत बनवून नव्या यंत्रांच्या संचात ठेवली होती. जुन्या इंटेल प्रोसेसरला हवी होती ती नेमकी हीच प्रत. पॅचरवाल्यांनी ती तेथून घेऊन जुन्या यंत्रांत बसवली, आणि २००८ च्या सुमारास विकली गेलेली यंत्रेदेखील व्हेंचुरावर उभी राहिली. कोठीच्या खोलीत नातवासाठी जपून ठेवलेले झबले आजोबांच्या बंडीला अस्तर म्हणून यावे, तसा हा योग.

त्याच आवृत्तीने ‘यूएसबी १.१’ या जुन्या जोडणीचे दुभाषेही टाकून दिले. कित्येक जुन्या लॅपटॉपांतील कळफलक आणि स्पर्शपाटी आतून याच जोडणीने जोडलेली असते. परिणाम असा की, प्रणाली स्थापित झाल्यावर पडदा उजळे, पण कळ दाबता येत नसे. आणि कळ दाबता आल्यावाचून ठिगळ लावता येत नसे. यावर तोड म्हणून बाहेरचा कळफलक आणि मूषक एका यूएसबी हबमधून जोडावा लागे, म्हणजे नव्या प्रणालीला ते कळत. दोन-पाचशे रुपयांच्या वस्तूने सोडवलेला हा पेच मोठमोठ्या युक्त्यांच्या शेजारी शोभून दिसतो. २०२३ च्या ‘सोनोमा’त जुन्या बिनतारी संपर्काचे दुभाषे गेले, ते पुन्हा आणले गेले. २०२४ च्या सप्टेंबरात ‘सिकोइया’ आले आणि त्याच महिन्यात पॅचरची २.० ही आवृत्ती त्यासाठी हजर झाली. सोळा वर्षांपूर्वीच्या काही यंत्रांनी त्या वर्षाची नवी प्रणाली अंगावर घेतली.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सहज उद्भवतो. लेखनवाचन, हिशेब, पत्रव्यवहार या कामांना जुनी प्रणाली पुरत नाही काय? आजीच्या शिवणयंत्राला कोणी कधी नवी प्रणाली मागितली नाही. परंतु शिवणयंत्र जगाशी बोलत नाही, संगणक बोलतो. ३० सप्टेंबर २०२१ हा दिवस या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. संकेतस्थळ खरोखर ज्याचे म्हणवते त्याचेच आहे, याची ग्वाही देणारी प्रमाणपत्रे असतात, आणि त्या प्रमाणपत्रांच्या मुळाशी एक मूळ प्रमाणपत्र. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी संस्था आपल्या आरंभकाळी ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. नवे मूळ प्रमाणपत्र नव्या प्रणालींत होते. एल कॅपिटन आणि त्यापूर्वीच्या प्रणालींत नव्हते. कालपर्यंत उघडणारी असंख्य संकेतस्थळे आज सफारीतून उघडेनात. यंत्रात काडीचाही बिघाड झालेला नव्हता. यंत्र जेथल्या तेथे होते. जगाने आपले कुलूप बदलले होते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि येथेच या प्रकरणाचे खरे दुखणे आहे. अॅपलचा प्रघात असा की, सुरक्षेच्या दुरुस्त्या चालू आवृत्तीला आणि तिच्या आधीच्या दोन आवृत्त्यांना मिळाव्यात; त्यातही ज्ञात असलेल्या सर्व दोषांची दुरुस्ती फक्त ताज्या आवृत्तीत होईल, हे कंपनीने स्वतःच्या कागदपत्रांत नमूद केले आहे. तेव्हा जुन्या प्रणालीवर राहणे म्हणजे उघड्या खिडक्यांच्या घरात राहणे. नव्या प्रणालीवर जाण्यासाठी मात्र मोहोर तोडावी लागते, फाइलींचे रक्षण करणारे दुसरेही एक कुलूप काही अंशी सैल करावे लागते, आणि ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसांवर विश्वास टाकावा लागतो. पॅचरचा सर्व मजकूर कोणासही वाचता येईल असा उघडा असतो, हा त्यावरचा एक दिलासा. तथापि तो वाचून समजणारे थोडे. खिडक्या बंद करण्यासाठी दाराची कडी काढून ठेवावी लागणे, असा हा व्यवहार आहे. बँकेचे व्यवहार, रोग्यांची माहिती अशा जोखमीच्या कामासाठी त्याचा आधार घेणे शहाणपणाचे नाही, आणि विद्यार्थ्याने निबंध लिहिण्यासाठी घेतला तर त्यात वावगे काही नाही. हे तारतम्य वापरणाऱ्यानेच ठेवावयाचे असते. पॅचर ते त्याच्यासाठी ठेवू शकत नाही.

९ जून २०२५ रोजी अॅपलने आपल्या वार्षिक परिषदेत ‘टाहो’ ही आवृत्ती जाहीर केली आणि त्याबरोबरच सांगितले की, इंटेलच्या यंत्रांवर चालणारी ही शेवटची आवृत्ती होय. टाहो त्याच वर्षी १५ सप्टेंबरला आली, तेव्हा तिच्या यादीत इंटेलची अवघी चार यंत्रे उरली होती: २०१९ चा मॅक प्रो, त्याच वर्षीचा सोळा इंची मॅकबुक प्रो, आणि २०२० सालचे आयमॅक व तेरा इंची मॅकबुक प्रोचा एक प्रकार. स्नो लेपर्डच्या वेळी पॉवरपीसीचे जे झाले, तेच आता इंटेलचे होणार हे त्या घोषणेने ठरले. यादी खोटी ठरवता येते, दुभाषा उसना आणता येतो, आकडा फुगवून सांगता येतो. परंतु प्रणालीतील आज्ञाच त्या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेल्या नसल्या, तर ठिगळ लावायला खाली कापड उरत नाही. जुन्या इंटेल यंत्रांच्या धन्यांपैकी कित्येकांनी तोवर लिनक्सची वाट धरलीही होती.

त्याच परिषदेत आणखी एक बातमी होती, तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. रोझेटा हा अनुवादक आजच्या सर्वसाधारण स्वरूपात टाहोच्या पुढच्या आवृत्तीपर्यंतच ठेवण्यात येईल. त्यानंतर त्यातला थोडासाच भाग, मुख्यतः काही जुन्या खेळांसाठी, शिल्लक राहील. ज्या कोठीतून २०२२ साली ते अस्तर मिळाले, ती कोठीही आवरायला घेतली गेली.